अक्कांच्या नावाने

हणमंतरावांची आणि माझी गाठ पडली ती एका पोस्टखाली, आणि पहिल्याच वाक्याला मला त्यांचा राग आला.

पोस्ट सुनंदा अक्कांची होती. म्हणजे नाव त्यांचं, फोटो त्यांचा, लिहिलेली मी. मी मनस्विनी. मूळची पुण्याची, राहते कोरमंगलाच्या एका पीजीत आणि काम करते डिजिटल मार्केटिंगच्या छोट्याशा कंपनीत. ज्यांना धंदा उत्तम येतो पण लिहायला वेळ नसतो, अशांच्या नावाने आम्ही उद्योजकांच्या साइटवर लिहितो. अक्कांचा चामराजपेटला मेतकूट-चटण्यांचा धंदा. दर मंगळवारी मी त्यांच्याकडे जायचे, त्या बोलायच्या, मी लिहायचे, त्या वाचून "सरी" म्हणायच्या, म्हणजे कन्नडमध्ये ठीक, आणि पोस्ट जायची. त्यांच्या हट्टामुळे वर मराठी, खाली इंग्रजी. प्रतिक्रियांना उत्तरं मात्र मी माझ्या मनाने द्यायचे. ती अक्कांना कधी दाखवली नाहीत. त्या कशाला खाली बघायला जातायत, असं मला वाटायचं.

त्या दिवशी मेतकुटाची डाळ मंद आचेवर कशी भाजावी यावर लिहिलं होतं. खाली मराठीत एकच प्रतिक्रिया. पांढऱ्या झुबकेदार मिशा, नाव हणमंतराव, स्टीलच्या डब्यांचा कारखाना.

"अक्का, एवढं निगुतीने भाजता आणि भरता प्लास्टिकच्या पिशवीत? जिवावर कसं येत नाही?"

माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "डबे विकणाऱ्याला जगात दुसरं काही दिसत नाही वाटतं? आधी मेतकूट खाऊन बघा, मग बोला."

दोन दिवसांनी उत्तर आलं. "खाल्लं. गरम भात, वर तूप. शब्द मागे घेतो... पिशवीबद्दलचे सोडून."

मी बसमध्ये एकटीच हसले. शेजारच्या बाईने पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

मग रोजचंच झालं. उत्तराच्या शेवटी प्रश्न ठेवायचा, म्हणजे समोरचा परत येतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. मी प्रश्न ठेवत गेले, ते येत गेले. आमचं भांडण वाचायला लोक जमायला लागले. आमचा बॉस प्रणीत आकडे बघून खूश. "हे जे काय चाललंय ना, ते चालू ठेव. एंगेजमेंट बघ काय झालीय."

मधे मला ताप आला आणि पोस्ट जायला संध्याकाळ झाली. खाली लगेच हणमंतराव. "आज उशीर? तब्येत बरी आहे ना? सुंठ घालून काढा घ्या. भांडायला माणूस धडधाकट लागतं."

अख्ख्या पीजीत मला कोणी विचारलं नव्हतं. मी पांघरुणात शिरून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मग फोटोतल्या मिशांकडे बघून स्वतःला म्हटलं, मनस्विनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? आजोबांच्या वयाचे आहेत ते.

डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी उठल्याउठल्या मी आधी तेच बघायचे.

आणि मग अक्कांची मुलगी पवित्रा, सर्जापूर रोडला राहते ती, तिने हे सगळं वाचलं आणि आईला फोन केला. "अम्मा, हे हणमंतराव कोण?"

मंगळवारी मी गेले तर अक्का माझीच वाट बघत बसलेल्या. "मनु, ह्या माणसाला मी काढा विचारला होता काय गं?"

मी हातातली वही मिटली.

"त्यांच्या कारखान्यात फोन लावला मी. आज समोर येऊन बोला, असा निरोप ठेवला. येतील आता."

आता अक्का काम काढून घेणार, प्रणीत मला काढणार, हे दिसतच होतं. पण खरं सांगते, नोकरीची भीती मला कमी वाटत होती. उद्यापासून ती उत्तरं येणार नाहीत, याची जास्त.

दारात एक तरुण उभा राहिला. चष्मा, हातात स्टीलचा डबा, शर्ट घामाने भिजलेला.

"नमस्कार अक्का. मी शुभंकर. हणमंतरावांच्या कंपनीचं ऑनलाइन सगळं मी बघतो. तुमचा निरोप माझ्याकडेच आला." त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. "ते सगळं मी लिहिलं. त्यांना काहीच ठाऊक नाही, त्यांच्यावर रागवू नका. मी... सुरुवातीला कामच म्हणून लिहीत होतो. पण तुमचं उत्तर आलं नाही की दिवस कसा जातो तेच कळत नाही."

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं. मग हळूच मान वळवून माझ्याकडे. माझे कान इतके तापले की त्यांनी काही विचारलंच नाही.

"उत्तरं मी लिहीत होते," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.

शुभंकर बघतच राहिला. डबा तसाच हातात.

"पवित्राला मी सांगते काय ते," अक्का म्हणाल्या. त्यांचे ओठ हसू दाबत होते. "पण माझ्या नावाने पुरे हं आता. जा, दोघं कॉफी पिऊन या. भांडायचं तर आपापल्या तोंडाने भांडा."

कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही उभ्याउभ्याच कॉफी घेतली. लिहिताना एवढे चुरूचुरू बोलणारे आम्ही, आणि आता एकमेकांकडे बघायचंही टाळत होतो. तो चष्मा पुसत होता. मी कॉफी गार करत होते, गार झालेली.

"मला वाटलं तुम्ही साठीच्या असाल," तो शेवटी म्हणाला.

"मला तुम्ही सत्तरीचे वाटलात. तरी..."

"तरी काय?"

"तरी रोज सकाळी तुमचीच वाट बघायचे मी."

तो लाजला. अगदी मानेपर्यंत. "मी तर आईला सांगूनसुद्धा टाकलं. म्हटलं, एक बाई मनात भरल्यात, पण वयात स्वल्प फरक आहे."

मला असं हसू फुटलं की कॉफी ओढणीवर. त्याने माझा पेला धरला, माझ्या बोटांसकट, आणि सोडला नाही. मीही सोडवला नाही.

"मग? आई काय म्हणाल्या?"

"दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, आण एकदा घरी, बघू तरी कोण आहे ती." त्याने माझ्याकडे बघितलं, आणि नजर पुन्हा पेल्यात. "इथून दुसऱ्या गल्लीतच घर आहे. रविवारी... याल?"

"रविवार कशाला," मी म्हटलं, "आत्ता येते."