डावा बाण

रस्त्यावर बाण काढायचे ते शनिवारीच, हा क्लबचा जुना शिरस्ता. रविवारी सकाळी सायकली सुटणार म्हणजे आदल्या दुपारपर्यंत एकशेवीस किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक वळणाला डांबरावर पिवळा बाण हवा, आणि जुना, नको असलेला बाण काळ्या रंगाखाली गडप व्हायला हवा. व्हॅनमध्ये पिवळा डबा मिरेईच्या पायाशी होता, काळा मांडीवर. चालवायला क्लबचे अध्यक्ष बाप्तिस्त, वय वर्षं चौऱ्याहत्तर, हात स्टिअरिंगवर कमी आणि हवेत जास्त.

"तुझा बाण मी झोपेतही ओळखीन," ते म्हणाले. "शेवटी मनगटाचा तो झोका असतो ना. केकवर क्रीम फिरवल्यासारखा."

"चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलीत मी. हात वळणारच."

"आर्मांचे बाण आठवतात? बदकाचे पाय, बदकाचे."

मिरेई हसली. आर्मां तिचा नवरा. एका वर्षी त्यानं हट्टानं ब्रश घेतला आणि असे जाडजूड, फेंगडे बाण काढले की वर्षभर क्लबाला हसायला पुरले. मग त्याच्याकडून ब्रश काढून घेतला आणि त्याला शेपूट केलं. शेपूट म्हणजे सगळ्यात शेवटी जाणारा, मागं राहिलेल्यांना गोळा करत येणारा गडी. प्रत्येक स्वाराकडे एक कार्ड असे, वाटेतल्या टेबलांवर त्यावर शिक्के घ्यायचे; शेपटाचं कार्ड येईपर्यंत शेवटच्या शिक्क्याचं टेबल मिटायचं नाही, असा नियम होता. आर्मां सगळ्यांना सांगायचा, "मिरेईचा बाण तळ्यात गेला तरी मी मागोमाग जाईन."

दोन वर्षांपूर्वी तो तसाच गेला.

चेस्टनटच्या फाट्यावर तेव्हा दोन वाटा होत्या, आजही आहेत. डावी उतारानं व्हर्नाद नदीच्या पुलाकडे जाते, उजवी शोमेरॉल गावाकडे. त्या वसंतात पुरानं पूल खचला होता, म्हणून क्लबानं उजवी वाट धरली. उजवीकडे नवा बाण काढायचा आणि डावा काळा करायचा, हे काम मिरेईचं. तिनं उजवा काढला. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली, काळ्या डब्याचं झाकण निघेना, आणि पूल पडल्याचं सगळ्यांना ठाऊकच आहे असं म्हणून ती घरी आली. रविवारी धुकं होतं. बाप्तिस्त स्वतः उजव्या वाटेच्या तोंडाशी उभे राहून सगळ्यांना तिकडे धाडत होते, डावीकडचं डांबर त्यांना धुक्यात दिसलंच नाही; शेवटी फक्त आर्मां उरला तेव्हा तेही पुढे गेले. नवा बाण पावसानं पुसट झाला होता. डावा ठसठशीत होता. पूल झाला असेल, मिरेईनं बघितलं असेल, असंच त्याला वाटलं असणार, आणि तो सायकलीसकट नदीत गेला.

दफनाच्या आदल्या दिवशी पहाटे मिरेई एकटी गेली आणि तिनं तो बाण काळा केला. कुणाला कळलं नाही. आर्मां जवळची वाट काढायला गेला आणि फसला, असं गावात ठरलं. शेपटानं वाट सोडणं ही क्लबात फार लाजिरवाणी गोष्ट होती. वाट सोडणाऱ्याचं कार्ड क्लब धरत नाही. त्याचं पाण्यानं फुगलेलं कार्ड पोलिसांनी परत दिलं, शोमेरॉलचा आणि शेवटचा असे दोन रकाने रिकामे असलेलं. ते तिनं स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलं. दोन वर्षं तिनं आपल्या माणसाला वेंधळा ठरू दिलं होतं, आणि स्वतःच्या या गप्प बसण्याची लाज तिला रोज जेवताना वाटायची.

व्हॅन फाट्यावर थांबली. मिरेई ब्रश घेऊन उतरली आणि जागीच उभी राहिली.

डावीकडे पिवळा बाण होता, शेवटी मनगटाचा झोका असलेला. तिनं वाकून बोट टेकवलं, तर बोटाला रंग लागला.

बाप्तिस्त खिडकीतून डोकावले. "हा ओला कसा? सकाळीच येऊन गेलीस की काय? आणि तोही डावीकडे?"

"हो," ती म्हणाली. "चुकले. पुसते आता."

तिनं त्यावर काळ्याचे तीन हात दिले. कुंपणापलीकडच्या तांबूस गायी माना वर करून बघत होत्या. तिच्याकडे नव्हे, उताराकडे.

रविवारी शोमेरॉलच्या बेकरीबाहेर मिरेई शिक्का घेऊन बसली. एक्केचाळीस जण निघाले होते. कार्ड पुढे येई, ती शिक्का मारी, वेळ लिही, पुढचं कार्ड येई. ताज्या पावाचा वास, बुटांच्या खिळ्यांची खडखड, कुणी प्लमची पेस्ट्री मागतंय, कुणी नळाखाली डोकं धरतंय. ती मान वर करून बघत नव्हती, करायला वेळच नव्हता.

एक कार्ड थोडं ओलसर होतं. पुढे आलेल्या हातमोज्याच्या अंगठ्याला लाल दोऱ्यानं रफू केलेलं होतं. तिनं शिक्का मारला, दहा बावन्न लिहिलं, आणि सवयीनं म्हणाली, "सांभाळून जा."

मग तिला लाल दोरा आठवला. घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून तिनं तो वापरला होता, आणि आर्मांनं महिनाभर त्यावरून तिची खोडी काढली होती. ते हातमोजे तिनं त्याच्याबरोबर पुरले होते.

तिनं मान वर केली. समोर लिमोजहून आलेल्या दोघी बहिणी घाम पुसत उभ्या होत्या.

"तुमचा शेपटाचा गडी फार गोड आहे हो," धाकटी म्हणाली.

"यंदा शेपूट कुणी नाही. मागून व्हॅन येते."

"अहो, फाट्यावर उभा होता ना म्हातारा, निळ्या टोपीवाला. तिथं डावीकडे बाण आहे, आम्ही वळणार तेवढ्यात यानं हात आडवा घातला. म्हणाला, डावा बाण तुमचा नाही, तो माझा."

"अंगावरून पाणी निथळत होतं," थोरली हळूच म्हणाली. "आणि पाऊस तर कुठंच नव्हता."

मिरेईनं दोघींच्या कार्डांवर शिक्का मारला. एकीच्या कार्डावर तो उलटा उमटला.

सगळे गेल्यावर बाप्तिस्त व्हॅन घेऊन आले. मिरेई आत बसली आणि म्हणाली, "फाट्यावर चला."

फाट्यावर ऊन होतं. काळ्याचे तीन हात दिलेल्या जागी पिवळा बाण चकाकत होता.

बाप्तिस्त उतरून बाणापाशी आले. "हा मी काल तुला पुसताना पाहिला," ते म्हणाले.

"दोन वर्षांपूर्वी नाही पुसला मी."

"म्हणजे?"

"झाकण निघेना म्हणून तसाच ठेवला. तो माझ्या बाणानं गेला, बाप्तिस्त. जवळच्या वाटेनं नाही. दफनाच्या आदल्या दिवशी येऊन मी हा काळा केला, आणि तुम्ही सगळे त्याला नावं ठेवत होतात तेव्हा गप्प बसले."

बाप्तिस्तांनी टोपी काढली. "दोन वर्षं मी कॅफेत बसून त्याला गाढव म्हणतोय, मिरेई."

"माहीत आहे मला."

"मी उभा होतो इथं. आणखी दहा मिनिटं थांबायला हवं होतं मी."

ती रडली. त्यांनी तिला रडू दिलं. निघताना तिनं डावीकडे पाहिलं. तिथं नुसता काळा डाग होता, वाळून तडकलेला.

संध्याकाळी पाचला गावच्या सभागृहात कार्डं मोजली. एक्केचाळीस स्वार, बेचाळीस कार्डं.

बेचाळिसावं पाण्यानं फुगलेलं होतं. वर आर्मांचं नाव, त्याच्याच अक्षरात. शोमेरॉलच्या रकान्यात आजचा शिक्का आणि तिच्या हातचं दहा बावन्न. शेवटचा रकाना रिकामा.

"हे माझ्या खणात होतं," मिरेई म्हणाली.

लोक टेबल मिटायला आले होते. बाप्तिस्तांनी त्यांना हातानं थांबवलं.

"आर्मां वाटेवरच होता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाण चुकला होता. बाण क्लबाचा होता."

बाप्तिस्तांनी शिक्का घेतला, शाईत दाबला आणि शेवटच्या रकान्यावर टेकवला. वेळ लिहिली. कार्ड तिच्या हातात दिलं, कारण पुरं झालेलं कार्ड स्वाराला परत द्यायचं असतं.

मग टेबल मिटलं.

ती चालत घरी आली. ऊन अजून छपरांवर होतं.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी डांबरावर एक पिवळा बाण होता. जाडजूड, फेंगडा. थोडं पुढे आणखी एक.

तिसरा तिच्या पायरीवर. म्हणजे त्याचं शेपूट पायरीवर होतं. टोक दाराखाली गेलं होतं.

सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं. तिनं ते काढलं, दार ढकललं.

बाणाचं टोक आतल्या फरशीवर होतं. ओलं.