आषाढात थांबलेलं विष

गुंडोराव सकाळची कॉफी गाळत होते, तेव्हा उमाकांत दारात आला आणि पायातल्या चपलांसकट थेट माजघरात शिरला. बसवनगुडीतल्या त्या सोवळ्याच्या घरात असं आजवर कोणी केलं नव्हतं. गुंडोरावांनी चपलांकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने दुसरा पेला काढला.

"हेमाच्या सासऱ्यांच्या, जयतीर्थरावांच्या अंगात सोमल सापडला," उमाकांत म्हणाला. "डॉक्टरांनी काल सांगितलं. जयतीर्थराव पोलिसात निघाले होते. हातापाया पडून आज संध्याकाळपर्यंत थांबवलंय मी त्यांना."

उमाकांत मूळचा पुण्याचा, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. गुंडोरावांचं घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. खाजगी तपास हा गुंडोरावांचा धंदा आणि उमाकांतची हौस. दोन-तीन प्रकरणांत तो त्यांच्यामागे पिशवी धरून हिंडला होता आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घेऊन घरी परतला होता. गुंडोरावांनी त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल केली होती. आज टिंगल सुचत नव्हती. हेमलता त्याची पाठची बहीण होती.

"स्वल्प दम घे," गुंडोराव म्हणाले. "नुसता सोमल?"

"सोमल, आणि थोडं शिसं. शिशाचं काय घेऊन बसलात? माणूस मरायला सोमल पुरतो!"

"सरी, बरं. दुखणं कधीपासूनचं?"

"लग्न वैशाखातलं. ज्येष्ठात जयतीर्थरावांना पोटात कळा, वांत्या, हातापायांना मुंग्या. मग इकडच्या रीतीप्रमाणे आषाढ लागताच नव्या सुनेला माहेरी धाडलं, म्हणजे माझ्याकडे क्वार्टर्सवर. आषाढात ते खडखडीत बरे झाले. श्रावण लागला, ती परतली, आणि श्रावणातच ते पुन्हा अंथरुणाला खिळले. आता भाद्रपद लागलाय, धड उठवत नाही त्यांना."

बोलता बोलता त्याची त्यालाच भीती वाटली. हिशेब इतका सरळ होता की सख्ख्या भावालाही त्यात खोट काढता येईना. रात्रभर तो हेच करत होता. बहिणीला वाचवायचं म्हणून विचाराला बसायचा आणि पुन्हा तिच्याच नावापाशी येऊन थांबायचा.

*

जयतीर्थरावांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. गौरी-गणपती तोंडावर आले होते, पण त्या घरात सणाची काही चाहूल नव्हती. स्वयंपाकघराला बाहेरून कडी होती. पाण्याच्या घागरीवर झाकण, झाकणावर वरवंटा. हेमलता परसदारी एकटी बसली होती. तिच्या हातचं पाणीसुद्धा आता कोणी घेत नव्हतं.

जयतीर्थराव खाटेवर होते. अंग वाळलं होतं, जीभ मात्र शाबूत होती.

"या, गुंडोराव. सुनेची वकिली करायला आलात?"

"तुमची विचारपूस करायला आलो, अण्णा. जेवण काय असतं?"

"दोन्ही वेळा पानात सोप्पु लागतो मला. पालेभाजीवाचून घास उतरत नाही. दंटु, मेंथ्या, मुळ्याचा पाला, सगळा महादेवपुऱ्याच्या आमच्या शेतातला, तळ्याच्या पाण्यावरचा. विकतचा पाला मी शिवत नाही. सोनं पिकतं तिथे! फक्त त्या टेकडीमागे खाण निघाली, ती मेली डोक्याला ताप झालीय. सुरुंगांनी विहिरीचे चिरे हलवले माझ्या."

"दुखण्यात उपास सोडले असतील तुम्ही."

"मी?" म्हातारा उठून बसला. "आषाढी एकादशी कळा सोसत निर्जळी केली. आमच्या घराण्यात व्रत मोडत नाही."

गुंडोरावांनी मान डोलावली. उमाकांतला चीड आली. बहीण तुरुंगाच्या दारात उभी आणि हे उपासतापासाच्या गप्पा मारताहेत!

सत्यवतीबाई, हेमलतेची सासू, देवघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पदराखालून पत्र्याची एक डबी काढून समोर ठेवली. उंदराच्या औषधाची, अर्धी रिकामी.

"हिच्या ट्रंकेत मिळाली. आता आणखी काय पाहिजे?"

डबीवरचं सोमलाचं नाव उमाकांतने वाचलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

गुंडोरावांनी डबी हातात घेऊन पाहिली, खाली ठेवली. "अक्का, ती परतल्यावर लगेच त्रास झाला?"

"लगेच कसा होईल? हुशार आहे ती! नागपंचमीला हिच्याच हातचे कडबू खाल्ले यांनी, पचले सगळे. मग व्रत सुटलं, द्वादशीचं पारणं झालं, आणि त्या आठवड्यात पुन्हा तेच सुरू. आमचा विश्वास बसेपर्यंत थांबली असेल."

"घरात जेवायला आधी कोण बसतं?"

"हा काय प्रश्न? आधी हे. रात्री माधवही. मग मी, शेवटी सून. सगळीकडे असंच असतं."

"तुमच्या पायाला मुंग्या येतात?"

सत्यवतीबाई चपापल्या. "वयाचं आहे ते," म्हणून त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

हेमलतेचा नवरा बिंदुमाधव व्हरांड्यात उभा होता. दुपारी बँकेच्या कँटीनमध्ये जेवतो, रात्री घरी. पोट अधूनमधून दुखतं, वडिलांइतकं नाही, असं त्याने सांगितलं. बायकोबद्दल विचारलं तर म्हणाला, "मला काही कळेनासं झालंय." उमाकांतला त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण मग आठवलं की आपल्याला तरी कुठे काय कळतंय.

हेमलता परसात पायरीवर बसली होती. अवघ्या चार महिन्यांत तिचे गाल बसले होते.

"औषध मीच आणलं," ती म्हणाली. "कोठीत उंदरांनी उच्छाद मांडलाय. सासूबाई मारू देत नाहीत, गणपतीचं वाहन म्हणून. मी पिठाच्या गोळ्या करून चोरून ठेवत होते."

"आणि तुम्हाला स्वतःला काही त्रास नाही?"

"नाही. हाच तर माझा गुन्हा आहे ना? सगळे आजारी आणि मी ठणठणीत."

"जेवता काय तुम्ही?"

"उरेल ते. भात, सार, लोणचं. भाजी माझ्यापर्यंत पोचतच नाही." तिने भावाकडे पाहिलं. "दादा, तू काहीच बोलत नाहीस."

तेवढ्यात मागच्या दाराशी बैलगाडीचे घुंगरू वाजले आणि उमाकांत सुटला.

महादेवपुऱ्याच्या शेताचा राखणदार रघुजी भाजी घेऊन आला होता. त्याचं घराणं ते शेत बापजाद्यांपासून कसत आलेलं. घरी मराठी बोलायचा, तीत निम्मी कन्नड. उमाकांतने मुळ्यांची जुडी उतरवून घेतली, तर त्याचे हात राखाडी चिखलाने माखले. चिखलात काहीतरी बारीक चमचमत होतं.

"तुमच्याकडची माती तांबडी ना, रघुजी?" गुंडोरावांनी विचारलं.

"तांबडीच की, आण्णा. ह्यो तळ्याचा गाळ हाय. उन्हाळ्यात तळं आटलं का गाळ काढून शेतात पसरायचा, आमची रीतच हाय ती. गेल्या पावसात वरनं लई गाळ आला. यंदा दुप्पट घातला. गाळ म्हंजे सोनं!"

"रोज आणता भाजी?"

"एक दिवसाआड. आषाढी एकादशीपासनं तेवढा म्हैनाभर हितं गाडी नसती. तवा समदा माल सिटी मार्केटला."

"हात बघू."

रघुजीने हसत तळहात पुढे केले. त्यांवर बारीक, खरखरीत गाठी होत्या, अगदी बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. शेतकऱ्याच्या हाताला घट्टे पडायचेच, उमाकांतच्या मनात आलं.

"घरी सगळे बरे?"

"पोटाचं चाललंय जरा. पावसाळी पाणी."

गुंडोरावांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी मुळ्यांवरचा चिखल कागदात खरवडला, दंटाची एक जुडी उचलली आणि उमाकांतला म्हणाले, "माझा एक मित्र रसायनशाळेत आहे, त्याच्याकडे जाऊन येतो. तू इथेच बस. आणि मी येईपर्यंत या घरात कोणी पालेभाजी खायची नाही. कारण विचारू नकोस."

*

दिवस कसा सरला ते उमाकांतलाच ठाऊक. जयतीर्थरावांनी ठाण्यात जायचं म्हणून कोट मागवून ठेवला होता. उन्हं उतरताना गुंडोराव परतले आणि सगळ्यांना खाटेभोवती बसवून त्यांनी हेमलतेलाही आत बोलावलं. ती दाराला टेकून उभी राहिली.

"अण्णा, तुमच्या पोटात विष गेलं हे खरं," गुंडोराव म्हणाले. "ते रोज या स्वयंपाकघरातूनच गेलं. पण ते सुनेच्या ट्रंकेतलं नाही. उंदराच्या त्या औषधात सोमल आहे. मग शिसं कुठून आलं? दोन-दोन विषं कालवून खून करायची उठाठेव कोण करील? ही दोन्ही धातूच्या दगडात मात्र एकमेकांना धरून असतात."

"पण ती गेली आणि मी बरा झालो!"

"ती गेली आषाढ लागताच. तुम्ही लगेच बरे झालात? सकाळी तुम्हीच सांगितलंत, आषाढी एकादशी कळा सोसत केली. सून तेव्हा भावाकडे होती."

जयतीर्थराव बोटांवर तिथी मोजू लागले.

"परतली श्रावणाच्या सुरुवातीला. नागपंचमीचे कडबू तिच्या हातचे. ते पचले. पोट बिघडलं ते द्वादशीच्या पारण्यानंतर. अण्णा, दुखणं सुनेबरोबर गेलं नाही आणि सुनेबरोबर आलंही नाही. ते आषाढी एकादशीनंतर थांबलं आणि श्रावणातल्या द्वादशीनंतर परतलं. तो महिना कशाचा?"

उत्तर सत्यवतीबाईंनी दिलं, अगदी हलक्या आवाजात. "शाकव्रताचा."

उमाकांत बावळटासारखा पाहत राहिला. गुंडोराव त्याच्याकडे वळले. "तू पुण्याचा, स्मार्तांकडचा. आम्हा माध्वांत चातुर्मासाच्या पहिल्या महिन्यात भाजीपाला वर्ज्य. या चुलीवर तो महिनाभर पाला शिजलाच नाही. म्हणून तर रघुजीची गाडी इथे येत नव्हती. नव्या सुनेचा आषाढ आणि चातुर्मासाचं व्रत, दोन्ही साधारण एकाच वेळी येतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, आणि तुम्ही सगळे कावळ्याला फाशी द्यायला निघालात."

"भाजीत विष? माझ्या शेतात?"

"तुमच्या टेकडीमागच्या खाणीत दगड दळून धुतात. उरलेला रेंदा साठवायला बांध घातला होता. गेल्या पावसात तो फुटला, मित्राने आज खात्री करून घेतली. सगळं तुमच्या तळ्यात उतरलं. उन्हाळ्यात रघुजीने रीतीप्रमाणे तो गाळ शेतात पसरला, तांबड्या मातीवर राखाडी. ज्येष्ठातला पाला त्यातलाच. चिखलात आणि दंटात, दोन्हींत सोमल आणि शिसं निघालं. ज्याच्या पानात जेवढा पाला, त्याला तेवढं दुखणं. तुम्ही दोन्ही वेळा खाता, माधव एकदाच, अक्कांना थोडा उरतो. रघुजीच्या हातावर आहेत ते घट्टे नव्हेत, ती सोमलाचीच खूण."

"आणि हेमा?" उमाकांतने विचारलं.

"तिला शेवटी बसवता तुम्ही. तोवर भांडं पुसलेलं असतं. या घराने तिला भाजी ठेवली नाही, म्हणून ती वाचली."

बिंदुमाधवने खाली मान घातली. जयतीर्थरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "पोरी," ते म्हणाले, "माझं चुकलं. आजपासून तू माझ्या पंगतीला बस."

हेमलतेने ते ऐकून घेतलं. मग तिने गुंडोरावांना विचारलं, "रघुजींच्या घरी कोण सांगणार?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बस नव्हती, म्हणून गुंडोराव, उमाकांत आणि हेमलता जटक्याने, म्हणजे टांग्याने, महादेवपुऱ्याला गेले. ऊन कोवळं होतं, तळं भरलं होतं, शेत हिरवंगार होतं. इतकी हिरवाई पाहून उमाकांतच्या अंगावर शहारे आले. बांधावर मार्केटला जायच्या जुड्या बायका तळ्यात बुचकळत होत्या, पाला ताजा दिसावा म्हणून.

रघुजीने सगळं ऐकलं आणि आधी तो हसला. "गाळानं मानूस मरतंय व्हय, आण्णा?" मग त्याने आपले हात पाहिले आणि तो हसायचा थांबला.

त्याची सून तानूबाई मागे बाळाला पाजत बसली होती. ती पुढे आली. "दूध यावं म्हून सासूनं म्या बाळंतीण झाल्यापासनं दंटु खायाला घातला. रोज खाल्ला." तिने बाळाला अंगापासून लांब धरलं. "म्हंजी पोराला मीच इख पाजलं?"

बाळ रडायला लागलं. उमाकांतने गुंडोरावांकडे पाहिलं. ज्या माणसापाशी काल प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, तो माणूस तळ्याकडे पाहत उभा होता. किती विष उतरलं असेल, किती उरेल, शहरात कोणाकोणाच्या पानात गेलं असेल, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हेमलता त्या राखाडी चिखलात तशीच खाली बसली. बाळाला तिने मांडीवर घेतलं आणि तानूबाईचा हात घट्ट धरला.

"तू नाही पाजलंस," ती म्हणाली. "ऐकतेस ना? बाळाला आजच डॉक्टरांकडे नेऊ. मी येते बरोबर. पण तू नाही पाजलंस."

उमाकांत ते ऐकत उभा राहिला. एवढंसं वाक्य तिला स्वतःला इतक्या दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं, त्यानेसुद्धा नाही.