मानाची रांग

शिरवळच्या स्टेडियमला सगळे 'परात' म्हणत. नीरेकाठचा काळा कातळ खोल खणून, त्यातच पायऱ्या कोरून ते बांधलं होतं. वरून पाहिलं तर एखाद्या राक्षसिणीनं कणीक मळायला ठेवलेली परात वाटे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी या परातीत माणसं जमत, पण ती खेळ बघायला नव्हे. ज्यांच्या हृदयाचा ताल बिघडला आहे अशी आठशे माणसं डबे, पाण्याच्या बाटल्या आणि मानेखाली घ्यायच्या उशा घेऊन येत, नेमून दिलेल्या खुर्चीत टेकत आणि शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर गादी टाकून बसलेल्या एका बाईच्या समोर तासभर निवांत बसून राहत. त्या तासात ती बाई काहीच करत नसे. तेच तिचं काम होतं.

तिचं नाव ओवी दडस. बावीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ऑलिंपिक झालं, तेव्हा याच रेषेवर छाती टेकवून तिनं पंधराशे मीटरचं सुवर्णपदक जिंकलं होतं. कौतुक काय, नव्याचे नऊ दिवस. पण धावून धावून कमावलेलं तिचं हृदय तसंच राहिलं. स्वस्थ बसली की मिनिटाला चव्वेचाळीस ठोके, एकही इकडेतिकडे नाही.

ऑलिंपिक हा मोठा उधळ्या पाहुणा. सोळा दिवस राहतो, आणि त्याच्यासाठी बांधलेल्या हवेलीचं पुढं काय करायचं याची चिंता यजमानाच्या गळ्यात मारून जातो. परातीत आधी क्रिकेट झालं. मग एकाच मुहूर्तावर बारा-बारा मांडव घालून लग्नं लागली. एका वरातीचा नवरदेव चुकून दुसऱ्याच मांडवात शिरला, ती गोष्ट शिरवळकर अजून रंगवून सांगतात. एक वर्ष कुणा व्यापाऱ्यानं खालच्या दालनात कांदा साठवला, तो सडला आणि पुढं दोन वर्षं तिथं कुणी नाक उघडून फिरकलं नाही. परात पाडायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात डॉ. शाल्मली पेठे आल्या आणि म्हणाल्या, हिच्या खुर्च्या मला द्या. तेव्हापासून परात हृदयरुग्णांचं लयगृह झाली.

कारण खरी करामत खुर्च्यांत होती. परातीच्या प्रत्येक खुर्चीखाली एक धातूची पातळ चकती बसवली होती, तिला स्पंदक म्हणत. प्रत्येक खेळाडूच्या छातीला एक पट्टा बांधलेला असे. जो सगळ्यांच्या पुढं असेल त्याच्या हृदयाचा प्रत्येक ठोका त्याच क्षणी साठ हजार खुर्च्यांत उमटे. 'शर्यत बघू नका, छातीत अनुभवा,' अशी जाहिरातच होती. आराखडा करणाऱ्यांनी कातळ निवडला तोही यासाठीच. माती असली थरथर गिळून टाकते, काळा दगड ती परत करतो.

त्या मंगळवारी पहिल्या रांगेत एक नवे रुग्ण आले होते. स्वप्नील निंबाळकर, फलटणचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गणिताच्या मास्तरांना गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलंय! तसं बोलायला बंदीही नव्हती. गप्पांनी माणूस सैल होतो, असं शाल्मलीताईंचं मत होतं. त्या ओवीशेजारी स्टुलावर, मांडीवर तिच्या ठोक्यांचा आकडा दाखवणारा पडदा घेऊन बसल्या होत्या.

"मॅडम, हे तुमचं लयगृह वगैरे ठीक आहे," स्वप्नीलकाका म्हणाले, "पण त्या बाईंचं हृदय शांत, म्हणून माझं शांत होईल हे कसं? माझी बायको आयुष्यभर शांत होती, मला काही फरक पडला नाही."

आजूबाजूचे हसले. ओवीही हसली. तिचा आकडा चव्वेचाळीसच राहिला.

"एकाच भिंतीवर दोन लंबकाची घड्याळं टांगली, तर काय होतं माहीत आहे ना, काका?"

"थोड्या वेळानं दोन्ही लंबक जोडीनं हलायला लागतात. भिंतीतून एकमेकांना हिसके बसतात."

"तेच इथं. आम्ही त्याला लयबंध म्हणतो. हृदयात ताल धरणारा पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. तुमचा पुंजका गोंधळलेला आहे. बाहेरून, पाठीच्या कण्यातून, एक पक्का ठोका सतत मिळत राहिला की तो बिचारा त्याच्यामागं चालायला लागतो. कळपात कसं, एक म्होरकं असतं, बाकीचे त्याच्या मागं. ओवीताई म्हणजे आमचं म्होरकं हृदय."

"आणि मध्येच वीज गेली तर?"

"जाणार नाही. आणि म्हणूनच तुम्हाला सांगितलंय ना, मध्येच उठायचं नाही. एकदा तुमचा ताल तिच्या हाती गेला की तो हळूहळूच परत द्यावा लागतो. शेवटची वीस मिनिटं आम्ही उतरण करतो. चालत्या गाडीतून उडी मारून कसं चालेल?"

काकांनी मान डोलावली. मग दोन्ही बाजूंना पाहून म्हणाले, "मला पहिल्या रांगेत बसवलंय. म्हणजे माझं काम जास्त बिघडलंय म्हणायचं."

"थोडंसं. या रांगेत जोर चौपट आहे."

"तुम्ही वाढवलात?"

"नाही हो. मूळचाच तसा आहे, आम्ही एक स्क्रूसुद्धा हलवला नाही. ऑलिंपिकमध्ये ही मानाची रांग होती, खेळाडूंच्या आईवडिलांची. लग्नात वधूपित्याला पुढची खुर्ची देतात ना? तसं. ज्याचा मान मोठा त्याला ठोका मोठा, असं आराखड्यातच..."

शाल्मलीताई तिथं थांबल्या. पण शब्द बाहेर पडून गेले होते.

ओवीला आजवर वाटत होतं, पहिल्या रांगेचा जोर रुग्णांसाठी मागाहून वाढवलाय. सहा वर्षं ती इथं बसत होती आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"पण मॅडम," काका बोटांवर हिशेब करत म्हणाले, "आज त्यांचे चव्वेचाळीस, म्हणून आमचे खाली येतात. शर्यत संपताना पळणाऱ्याचे असतील एकशे नव्वद. मग त्या दिवशी इथं बसलेल्या म्हाताऱ्यांचे...?"

गणित अगदी सोपं होतं. चौथीच्या पोरालाही सुटलं असतं.

ओवीचे वडील भगवान दडस, तिचे आण्णा, दहिवडीच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. अंतिम शर्यतीच्या दिवशी ते गावाहून दोन गाड्या भरून आलेल्या माणसांबरोबर अगदी वरच्या पायरीवर बसले होते. दोन स्वयंसेवक वर गेले, "असं कसं, बापाचा मान असतो," म्हणाले, त्यांच्या डोक्याला फेटा बांधला आणि त्यांना हाताला धरून खाली मानाच्या रांगेत आणून बसवलं. आण्णा नको नको म्हणत लाजत होते. ओवीनं ते मैदानातून पाहिलं होतं आणि तिचा ऊर भरून आला होता. शेवटच्या फेरीत ती तिघींना मागं टाकत रेषेवर आली, तेव्हा आण्णा उभे राहिले, आणि खाली बसले ते उठलेच नाहीत. आनंदानं गेले, असं सगळ्यांनी सांगितलं. असं मरण यायला भाग्य लागतं, म्हणाले. बावीस वर्षं शाळाशाळांतल्या सत्कारांत ओवीनं हेच वाक्य मुलांना सांगितलं होतं. घरी आण्णांच्या फोटोला हार नव्हता. ते पदकच घातलं होतं.

पडद्यावर आकडा हलला. एकावन्न. साठ. अठ्ठ्याहत्तर.

पहिल्या रांगेत कुणाची तरी बाटली हातातून सुटून घरंगळत गेली. एका बाईनं पदर घट्ट धरला. स्वप्नीलकाकांचा हात छातीवर गेला आणि त्यांचं बोलणं पहिल्यांदाच आपोआप बंद झालं.

"ओवी," शाल्मलीताई ओठ न हलवता म्हणाल्या, "आत्ता नको. पाया पडते तुझ्या. आत्ता नको."

"मीच का?" ओवीनं विचारलं. "माझ्याच काळजानं मारलं का त्यांना?"

"नंतर सांगते सगळं."

"आत्ता सांगा. मी बसलेली हाय. कुठं जाणार हाय मी?"

शाल्मलीताईंनी पडद्यावरून नजर काढली नाही. "सोळा दिवसांत नऊ माणसं गेली. सगळी याच रांगेतली. कारणं लावली ती कुणाला ऊन, कुणाला वय, कुणाला आनंद. तेव्हा लयबंध कुणालाच ठाऊक नव्हता गं, खरंच नव्हता. मी इथल्या डॉक्टरांच्या पथकात नवी लागले होते. चार वर्षांनी सगळे आकडे एकत्र मांडले, तेव्हा अंगावर काटा आला. आणि मग वाटलं, हृदय असं वर ओढता येतं, तर खालीही आणता येईल."

"म्हणजे आण्णा गेले, त्यातनं तुम्हाला हे औषध सापडलं."

"हो."

"आणि औषध द्यायला मलाच बोलावलंत."

"तुझ्यासारखं हृदय दुसरं मिळालं नाही."

पंच्याऐंशी. तिसऱ्या रांगेपर्यंत कुजबुज पोचली होती. ओवीला किंचाळायचं होतं. पट्टा तोडून फेकावा आणि या कातळावर डोकं आपटावं, असं तिला वाटत होतं. पण समोर आठशे चेहरे होते आणि आठशेंचा ताल तिच्या मुठीत होता. बापासाठी रडली असती, तर समोरच्या रांगेत कुणाचा तरी बाप गेला असता. दुःख करायचीही मुभा नसलेली अशी मुलगी जगात दुसरी कुणी नसेल.

तिनं डोळे मिटले. लहानपणी दहिवडीच्या माळावर दम लागून ती ओणवी व्हायची, तेव्हा आण्णा ग्रीसनं माखलेला हात तिच्या पाठीवर ठेवून म्हणायचे, "सोड पोरी, सोड. घ्यायचं बघू नगंस. सोडलं की घेणं आपसूक येतं." तिनं श्वास सोडला. अजून सोडला. ज्या माणसासाठी काळीज फाटत होतं, त्याच माणसानं शिकवलेल्या रीतीनं तिनं ते दाबून धरलं.

सत्तर. अठ्ठावन्न. चव्वेचाळीस.

पुढची वीस मिनिटं उतरणीची होती. कुणालाच काही झालं नाही. आठशे माणसं आळस देत उठली आणि रिवाजाप्रमाणे ओवीसमोरून जाऊ लागली. कुणी पेरू दिले, कुणी नमस्कार केला. एक आजी म्हणाली, "मध्ये जरा घाबरं झालं बाई, पण नंतर इतकं गार वाटलं! शुक्रवारी आहात ना?" ओवीनं हसून मान हलवली. परात रिकामी होईपर्यंत हे हसू धरून ठेवणं तिला भाग होतं, कारण शेवटचा माणूस उठेपर्यंत खुर्च्या चालू ठेवाव्या लागत.

शेवटचा माणूस म्हणजे स्वप्नीलकाका. त्यांना अजून थोडा वेळ बसायला सांगितलं होतं. पण ते पहिल्या रांगेत होते, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते काठी टेकत उठले. "मॅडम, मला काही होत नाही," ते शाल्मलीताईंना म्हणाले. मग ओवीकडे वळून, मान खाली घालून पुटपुटले, "मी विचारायला नको होतं. मी जातो हं, पोरी. रड तू आता." आणि तिच्यासाठी जागा रिकामी करायला ते म्हातारे गृहस्थ जमेल तेवढ्या लगबगीनं पायऱ्या चढत निघून गेले.

शाल्मलीताईंनी पट्टा सोडायला हात पुढं केला.

"राहू द्या," ओवी म्हणाली. "खुर्च्याही राहू द्या."

ती धावपट्टी ओलांडून मानाच्या रांगेपाशी गेली. आण्णांची खुर्ची तिला शोधावी लागली नाही. आज स्वप्नीलकाका बसले होते तीच ती, त्यांची उशी अजून तिथंच राहिली होती. तिथं उभी राहून ती रडली, बावीस वर्षांचं एकदम रडली, आणि रडता रडता तिनं खुर्चीच्या पाठीवर तळवा टेकवला.

रिकामी खुर्ची हादरत होती. ठोक्यामागून ठोका, आतून कुणी दार बडवावं तसा, आणि प्रत्येक ठोका तिचाच. आण्णांनी शेवटी अनुभवलं ते हे. त्यांना कुठं ठाऊक होतं हे कुणाचं आहे ते. त्यांना वाटलं असेल, आपलंच काळीज आनंदानं उड्या मारतंय.