नमुन्यात माणूसच नाही

फोन वॉर्डातल्या सिस्टरचा होता. "बाई, आणखी एक गेला. लोकरीच्या गिरणीतलाच. आणि तुमचं मशीन म्हणतंय, काही नाहीच!"

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी निकाल पुन्हा उघडले. त्यांना पहिल्यापासून काळपुळीचा संशय होता. कच्च्या लोकरीतून येणारा, श्वासावाटे छातीत शिरला की माणसाला उभ्याउभ्या खाणारा रोग. कुणी मुद्दाम पसरवला तर शहर ओस पडेल, म्हणून त्याची चाचणी इथे डोळ्यांत तेल घालून होई. पण गिरणीच्या प्रत्येक कामगारापुढे एकच शेरा: जंतू नाही. त्यामुळे उपचारही साध्या न्यूमोनियाचे.

आज त्यांनी खालची, रिपोर्टात न छापली जाणारी ओळ पाहिली. कफात रोग असो-नसो, माणसाच्या पेशी असतातच. मशीन त्याही शोधतं.

गिरणीच्या नळ्यांत त्या नव्हत्या.

त्यांनी लॅबवालीला बोलावलं. "नळीवर नाव असतं?"

"नाही, नुसता नंबर. कुठली कुणाची, मला काय कळणार?"

मग नमुन्यांची पेटी आणणारा ड्रायव्हर. "पेटी उन्हात राहिली होती?"

"त्याच पेटीत दुसऱ्या दवाखान्याचे नमुने होते, बाई. ते नासले का?"

नव्हते नासले.

बाईंनी वॉर्ड गाठला. "कुणी सुधारलंय?"

"एकच," सिस्टर म्हणाली. "गिरणीच्या डॉक्टरांचा धाकटा भाऊ. लोकर पिंजतो तिथे. गिरणीवाल्यांचे नमुने डॉक्टरच घेतात, आणि त्याचं सलाईनही स्वतःच बदलतात. भावाची माया, दुसरं काय!"

बाईंनी त्या भावाचं रक्त घेतलं. त्याची तपासणी झाल्यावरच डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या.

"लॅबवालीला नळ्यांचे मालक ठाऊक नाहीत. पेटी नासली असती तर सगळंच नासलं असतं. उरतो नळ्या भरणारा हात, डॉक्टर. तुमचा. तुम्ही कफाऐवजी सलाईन भरलंत."

"पुरावा?"

"तुमच्या भावाच्या रक्तात काळपुळीचं औषध आहे. रोग माहीत असल्याशिवाय ते कोण देईल?"

"ती लोकर रोगमुक्त म्हणून मीच पास केली होती. न तपासता. कळलं असतं तर गिरणीला टाळं, मला बेड्या. वाटलं, एखाददुसरा जाईल आणि थांबेल."

"आणि भाऊ?"

"आईला काय तोंड दाखवलं असतं?"

"त्या बाकीच्यांनाही आया होत्या."

डॉक्टरांना पोलिसांनी नेलं. औषधाची खोकी वॉर्डात आली.

"लागू पडेल ना, बाई?" सिस्टरने हळूच विचारलं.

"जंतू मरतील. त्यांनी सोडलेलं विष रक्तात भिनलंय, त्यावर आता इलाज नाही."

"मग लावू की नको?"

"लाव."

भावाला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. तो शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याचा हात धरून धीर देत होता. "घाबरू नकोस रे. मी बघ कसा उठून बसलो. आता तुझंही औषध सुरू झालं."