एकोणीस वेळा जाऊन पाहिले

मी अडतीस वर्षे न्यायशास्त्र, म्हणजे आपले प्राचीन तर्कशास्त्र, शिकवले. डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि तर्काने जाणलेले, या तिन्हींतला भेद मला कळतो. म्हणून येथे मी स्वतः जे पाहिले व ऐकले तेवढेच लिहीत आहे. विश्वास ठेवा असा आग्रह नाही. मात्र यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

आरंभ एका गुरुवारी झाला. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. स्थळ पोलीस मुख्यालयाचे तळघर.

माझी सूनबाई तेथे नोकरीला आहे. तिच्या पडद्यावर शहराचा नकाशा असतो, लहान लहान चौकोनांत विभागलेला. कोणत्या ठिकाणी, कोणत्या वारी, कोणत्या तासाला काय घडले, हे ती संगणकाला पुरवते. त्यावरून तो उद्याचे अनुमान काढतो. धोक्याचा चौकोन लाल, निर्धोक चौकोन पांढरा. गस्तीची गाडी लाल चौकोनाकडे जाते.

धूर दिसला की अग्नी असणार. मला हे शास्त्र परके नव्हते.

संगणकाला जुन्या नोंदीही हव्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदवह्यांतले अक्षर आजच्या मुलांना लागत नाही. मी जन्मभर जुन्या पोथ्या वाचल्या. म्हणून मी वाचत असे आणि सूनबाई टंकत असे.

त्या दुपारी एक पान उघडले...

तक्रार एका शिंपिणीची होती. जिन्यावरच्या खोलीत एकटी राहणारी बाई. ‘गुरुवारी तीन वाजता जिन्यावर पावले वाजतात. कोणी बाहेरून कडी हलवते. दार उघडले तर कोणी नसते.’

पुढे शेरा होता. ‘समक्ष जाऊन पाहिले. काही आढळले नाही.’

पुढच्या गुरुवारी तीच तक्रार. तोच शेरा.

असे एकोणीस गुरुवार.

विसावी तक्रार नव्हती. खाली निराळ्या हाताने एकच ओळ लिहिली होती. ‘दार आतून बंद, तोडावे लागले. खोलीत कोणी नाही.’

मी थबकलो, पण त्या ओळीमुळे नव्हे.

एकोणीस शेऱ्यांची शाई एक होती. लेखणी एक होती. पहिल्या ओळीपासून एकोणिसाव्या ओळीपर्यंत हात थकत गेलेला दिसत होता. चार महिन्यांहून अधिक काळाचे शेरे एका बैठकीत लिहिलेले होते.

आणि ते अक्षर माझ्या दादाचे होते.

माझा थोरला भाऊ. पोलीस ठाण्यातून निवृत्त होऊन त्याला चोवीस वर्षे झाली. आता तो आमच्याकडेच असतो.

“बाबा, थांबलात का? पुढे काय लिहिलंय?” सूनबाईने विचारले.

हे शेरे खोटे आहेत, असे मला सांगता आले असते. भावाची अब्रू जाईल, एवढाच विचार मनात आला. मी सगळे जसेच्या तसे वाचून दाखवले. माझी जीभ अडखळली नाही. तेच आज खुपते.

“एकोणीस वेळा गेले? कुणीतरी भलतेच कष्टाळू होते म्हणायचे!” ती हसली. तिने नोंदी भरल्या. शिंपिणीचा चौकोन पांढराशुभ्र झाला.

चार दिवसांनी ती घरी हसतच आली.

“गंमत ऐका. येत्या गुरुवारी तीन ते चार, आपल्याच घरावर लाल चौकोन! आपल्या गल्लीत आजवर सायकलसुद्धा चोरीला गेली नाही.”

“येऊ दे की चोर,” दादा म्हणाला. “ह्या शास्त्रीबुवांच्या पोथ्या उचलून नेल्या तर पाय ठेवायला जागा तरी होईल.”

गुरुवार आला. घरी आम्ही दोघेच म्हातारे. बाहेर लख्ख ऊन. दादा चहा घेत होता.

तीन वाजले.

जिन्यावर... पावले.

सावकाश. एकेका पायरीवर थांबत.

मग दाराशी शांतता. आणि मग... कडी हलली.

मी दार उघडले. कोणी नव्हते. जिना रिकामा. खाली रस्त्यावर एक माणूस गाडी पुसत होता. वर कोणी गेले का, असे मी त्याला विचारले. त्याने नकारार्थी मान हलवली.

मागे वळलो. दादाच्या हातातला कप कलला होता. चहा धोतरावर सांडत होता. त्याला भान नव्हते.

“कडीच होती ना रे?”

“हो.”

“तीनच वाजलेत?”

“हो दादा.”

“मी कधी गेलोच नाही,” तो म्हणाला. “एकदाही नाही. एकट्या बाईला भास होतात, असं सगळेच म्हणायचे. तपासणीला साहेब येणार होते. रकाने रिकामे होते. बसून भरून टाकले.”

त्या नोंदवहीविषयी मी घरात अवाक्षर काढले नव्हते.

मी पोलिसांना दूरध्वनी केला. तासाभरात कोणी आले नाही. पुन्हा केला तेव्हा पलीकडचा अंमलदार वैतागला.

“आजोबा, आमचा माणूस येऊन गेला की. नोंद आहे इथे. समक्ष जाऊन पाहिले, काही आढळले नाही.”

कोणीही आले नव्हते.

सूनबाईने कचेरीत ती नोंद उघडून पाहिली. खाली शिपायाचा बक्कल नंबर होता. तिने तो मला वाचून दाखवला. मला तो पाठ होता. त्याच नंबराचे दादाचे पितळी बक्कल आमच्या कपाटात आहे.

त्या रात्री मी तिला सारे सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाबा, तुम्ही तरी बोलायचं होतं.”

तिने एकोणीस शेरे खोटे ठरवून पुसले. सकाळी ते जागेवर होते.

पुढच्या गुरुवारी पुन्हा पावले. पुन्हा कडी. पुन्हा नोंद.

एकदा दादाला बहिणीकडे नेऊन ठेवले. लाल चौकोन तिच्या घरावर गेला. तीन वाजता तिची कडी हलली. तिने त्याच संध्याकाळी दादाला परत पोचवले. दारातून आत आली नाही.

शिंपिणीच्या जागीही आम्ही गेलो. तेथे आता गाड्या उभ्या करण्याचे मैदान आहे. जिना नाही, खोली नाही. दादा दोन गाड्यांच्या मधे टोपी हातात धरून उभा राहिला.

“बाई, आलोय मी,” तो म्हणाला.

जाऊन पाहायला ठिकाणच उरले नव्हते.

गेल्या गुरुवारी एकोणिसावी नोंद झाली.

आज बुधवार. दादाने सकाळी दाढी केली. कपाटातून बक्कल काढून चिंचेने घासले. मी विचारले, हे कशाला?

“दर वेळी दार तू उघडतोस,” तो म्हणाला. “उद्या मी उघडणार. कुणीतरी समक्ष जाऊन पाहायला नको का?”

“दादा, मी तुला उठू देणार नाही.”

“तू शास्त्र वाच. हे माझं काम आहे. चाळीस वर्षं राहिलंय.”

त्याला थांबवावे की जाऊ द्यावे, मला कळत नाही. तर्क तेथे चालत नाही.

सूनबाई आत्ताच घरी आली. आज ती हसली नाही. चप्पल न काढता दारातच उभी राहिली. उद्याचा नकाशा आला होता. मी विचारले, आपला चौकोन लालच ना?

तिने मान हलवली.

“पांढरा आहे बाबा. त्या शिंपिणीच्या चौकोनासारखा, पांढराशुभ्र.”