बोरेरेवरचा दुसरा पट्टा

पहिल्यांदा भेटला तेव्हा तोरमोदच्या तोंडावरून तेल गळत होतं.

मी कड्याच्या टोकाशी बाबांचा दोर धरून बसले होते. रिमझिम चालली होती, केस गालाला चिकटत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "हा पक्षी किती शांत बसलाय ग—" आणि मी "अरे, हात नको—" म्हणेपर्यंत घरट्यातल्या त्या फुल्मार पक्ष्यानं त्याच्या तोंडावर पचकन तेल थुंकलं. त्या तेलाला कुजक्या माशासारखा वास येतो, आणि धुतला तरी जात नाही.

"आई ग! हे काय?"

"तो शांत पक्षी," मी म्हटलं. मग मला हसू आवरेना.

"हस, हस. दुसऱ्याचं तोंड भरलं की हसायला काय जातंय!" असं म्हणून तोही हसायला लागला. पापण्यांवर तेल, दात पांढरे... मी बघतच राहिले.

"मार्सली!" खालून बाबांचा आवाज आला. "दोर हलतोय! मी लटकलोय इथं, आहे ना लक्षात?"

आमच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं होतं, त्यातून जिवंत निघालेला पोरगा तो हाच. स्काय बेटावरच्या घरातून पळून गेला होता, जग बघायचं म्हणून. जग राहिलं बाजूला, आमचे खडक बघितले. जमीनमालकाचं जहाज वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या हिर्टा बेटावर येतं. ते नुकतंच येऊन गेलं होतं, म्हणून तोरमोद राहिला.

राहिला, आणि माझी वाट लागली. मी विहिरीवर गेले की त्याला तहान लागायची. मी पिसं काढायला बसले की हा समोर येऊन बसणार आणि पक्ष्याच्या पिसांबरोबर स्वतःच्या बाहीची लोकरही उपटणार, कारण लक्ष माझ्याकडे.

"काय बघतोस रे?"

"काही नाही. तुझ्या नाकावर पीस आहे."

"मग काढ की."

हात पुढे यायचा... नाकाजवळ येऊन थांबायचा... आणि आई खाकरायची.

शेवटी तो बाबांकडे गेला. बाबा दोराला तेल चोळत होते. मान वर न करता म्हणाले, "पोटाला काय घालणार तिच्या? डोळ्यात डोळे घालून चूल पेटत नाही, बाबा. समोरच्या बोरेरे बेटावर जा माणसांबरोबर. पोतं भरून पक्षी आण. मग बोलू."

त्याला तेवढंच हवं होतं. निघायच्या दिवशी बोट हेलकावत होती, म्हातारा फिन्ले काका सगळ्यांना घाई करत होता, आणि हा माझ्यासमोर टोपी चुरगाळत उभा.

"तिकडं गेलास की विसरशील मला."

"तुला? अग, माझ्या अंगाचा तो वास अजून गेला नाही. तुला कसा विसरेन?"

"मग काहीतरी सांगून जा ना..."

त्याचे कान लाल झाले. "इथं नको. खूण पाठवीन. खूण दिसली की समज, मी विचारलंय."

"काय विचारलंय?"

"ते."

"ते म्हणजे?"

"मार्सली, फिन्ले काका बघतायत!"

मला वाटलं, त्यांना सोडून परत येणाऱ्या बोटीबरोबर एखादं पीस पाठवील, नाहीतर शिंपला. दुसरं काय सुचणार?

बोरेरे आमच्या समोर आहे, मधे चार मैल समुद्र. हाक पोचत नाही. म्हणून तिथली माणसं उतारावरचं गवत मातीसकट सोलून काढतात. हिरव्यात काळा पट्टा उठतो, तो आमच्या डोंगरावरून दिसतो. एक पट्टा म्हणजे काम झालं, समुद्र बघून या. दोन पट्टे म्हणजे कुणाचा तरी जीव जातोय, असाल तसे या. आमच्याकडं पोर चालायला लागायच्या आधी हे शिकतं. त्यामुळं तोरमोदला हे सांगायला हवं, असं आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही.

एका सकाळी एक पट्टा दिसला. सगळे खूश झाले. पण समुद्र खवळलेला, म्हणून बाबा म्हणाले, "राहू देत दोन दिवस. पक्षी खाऊन जाड होतील." दुपारी मी परत डोंगरावर गेले. उजव्या अंगाला तोच पट्टा होता. आणि डावीकडं, खाली, दुसरा.

तोरमोद पडला, तो गेला, एवढंच डोक्यात. आणि मग, कुणी कानात सांगावं तसं मला कळलं... खूण पाठवीन. खूण दिसली की समज.

मी धावत सुटले. खाली पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेला पट्टा पडला होता आणि माणसं बोट ढकलत होती. आमच्या बेटावर बोट एकच.

"जाऊ नका! कुणी आजारी नाहीये! तो पट्टा माझ्यासाठी आहे!"

सगळे थांबले. बायका, म्हातारे, पोरं. मी लाज सोडून ओरडले, "तोरमोदनं कापलाय तो! त्याला लग्नाचं विचारायचंय मला! खूण पाठवीन म्हणाला होता!"

कुणी हसलं नाही. आई पुढं आली आणि तिनं माझा दंड धरला.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं खरं असेल तर त्याच्या कानाला धरून आणतो, आणि उद्याच तुमचं लग्न लावतो. पण खरं नसलं तर? फिन्लेचा पाय मोडून पडला असेल, आणि आपण इथं तुझ्या लग्नाच्या गोष्टी करत बसायचं?"

"बाबा, लाटा बघा ना—"

"बघितल्यात, पोरी. सोड आता."

माझा हात त्यांच्या बाहीवर होता. त्यांनी हळूच बोटं सोडवली. बोट दोन लाटा चढली, तिसरीला दिसली, मग दिसलीच नाही. माझे बाबा आणि त्यांच्याबरोबरचे सगळे गेले. दुसऱ्या दिवशी एक वल्हं किनाऱ्याला लागलं, बाबांचंच. मुठीपाशी त्यांनी कातडं गुंडाळलेलं.

आणि आता बोरेरेवरच्या माणसांना आणायला बोट उरली नाही. सबंध हिवाळा ते तिथं अडकले. पक्षी आणि मेंढरं खाऊन, दगडाच्या खोपटात. मी रोज डोंगरावर जायचे. धूर दिसला की वाटायचं, जिवंत आहे. असं वाटलं की स्वतःची चीड यायची. घरी आई बाबांच्या ताटलीकडं बघत बसलेली असायची. कुणासाठी रडू तेच कळत नव्हतं, म्हणून दोघांसाठी रडायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मालकाचं जहाज आलं, ते वाटेत बोरेरेवरून त्यांना घेऊनच आलं. तोरमोद सगळ्यात आधी उडी मारून उतरला. दाढी आलेली, खांदे रुंद झालेले. गेला होता तो पोरगा परत आलाच नाही, हा बाप्या माणूस आला. पाठीवर पक्ष्यांचं पोतं. बाबांनी सांगितलं होतं ना, पोतं भरून आण.

हसत माझ्याकडं आला. "दिसलं का ग तुला?"

मी त्याच्या पाठीवरच्या पोत्याकडं बघत राहिले.

"फिन्ले काकांनी वरती गवत सोललं. मी विचारलं, हे काय? म्हणाले, बोटीला बोलावणं. म्हटलं, मग आपणही कापू एक, तुला बोलावणं. बारीक कापलं तर दिसणार नाही म्हणून चांगलं मोठं कापलं! काकांनी बघितलं आणि शिव्याच घातल्या, मग हिवाळाभर त्याचं नावही काढू दिलं नाही. का, ते मला अजून कळलं नाही... मार्सली? बोट का नाही पाठवलीत तुम्ही?"

"पाठवली होती," मी म्हटलं.

त्यानं आजूबाजूला बघितलं. किनाऱ्यावर बायकाच बायका होत्या. मागं फिन्ले काका आपल्या मुलाला शोधत होता. तोरमोदच्या हातातून पोतं खाली पडलं.

जहाज संध्याकाळी निघणार होतं. तो विहिरीपाशी आला, लांबच उभा राहिला. "माझ्याबरोबर ये म्हणायला तोंड नाही मला."

"मग म्हणू नकोस."

"म्हटलं तर?"

मी त्याच्याकडं बघितलं. तोच तो, माझा तोरमोद. मला त्याला घट्ट मिठी मारायची होती. आणि त्याच्या खांद्यामागं मला बाबा दिसत होते, बोटीत चढताना, माझी बोटं सोडवताना. ते कधी दिसायचे थांबले नसते. त्यालाही नाही, मलाही नाही.

"होय म्हणाले असते," मी म्हटलं. "त्या दिवशी विचारलं असतंस ना, तोंडानं... तर तिथंच होय म्हणाले असते."

त्यानं मान हलवली. आईनं त्याच्या हातात भाकरी ठेवली आणि म्हणाली, "जा बाळा." तिनं दुसरं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. जहाज गेलं. पुन्हा कुठल्याच जहाजातून तो आला नाही.

वरचा पट्टा माणसांनी बोरेरेवरून निघतानाच गवत लावून बुजवला होता, तशी रीत आहे. खालचा कुणी बुजवला नाही. तो अजून दिसतो. मी लग्न केलं नाही. आई विचारते, रोज काय बघतेस तिकडं?

बोलावणं मला होतं. गेले बाबा.