पाच देशांचं बटर आणि आचलचं नाक

आयर्लंड

खिडकी वीतभर. तिच्यातून आधी आली पांढरी वाटी, मग वाटी धरणारी बोटं, आणि मग – नियमात नसलेलं – "गुड मॉर्निंग."

आचल गप्प. चव घ्यायच्या खोलीत बोलायचं नसतं. अत्तर नाही, केसांना तेल नाही, तोंडात सुपारी नाही, आणि बोलणं तर नाहीच. प्रत्येकाला फळ्या ठोकून केलेला वेगळा कप्पा, कप्प्याला खिडकी, खिडकीमागे वाट्या देणारा माणूस. वाट्यांवर नुसते आकडे. कुठल्या वाटीत कुठल्या देशाचं बटर, ते त्या माणसालाच ठाऊक.

वाटीतलं बटर झेंडूसारखं पिवळं होतं. तिनं चमच्याच्या टोकावर घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"या गाईनं," तिला राहवलं नाही, "नुसतं गवत खाल्लं. ओलं गवत. उन्हाचं तोंड नाई पाह्यलं बिचारीनं."

पलीकडचा माणूस खाली वाकला आणि खिडकीत चष्मा आला. भिजलेला, पुसून पुसून धुरकट झालेला.

"कसं कळलं? आयर्लंडचंच आहे हे! केरीगोल्ड! तिकडे बाराही महिने–"

"नाव काहून सांगतलं? नमुना बाद झाला नं आता!"

"बाद?"

"मंग? धुवा वाट्या, अन् लावा पाचही परत."

"आणि परत तुम्हीच चव घेणार?"

"नाई. तुमचे आजोबा येतील."

शेजारच्या कप्प्यात चव घेणारी शालू फिसकन हसली. चष्मा लाल झाला… म्हणजे चष्म्यामागचा माणूस.

डेन्मार्क

त्याचं नाव श्रेयस. अमरावतीच्या वकिलाघरचा. पॅकिंग आणि ब्रँडचं शिक्षण घेतलेला. अकोल्याच्या गाविल डेअरीला स्वतःचं बटर बाजारात आणायचं होतं, ते जगातल्या नावाजलेल्या बटरांशेजारी ठेवून बघायचं होतं, म्हणून त्याला आणलेलं.

आणि आचल अकोटची, नत्थुजींची मुलगी. गोठ्यात वाढलेली. म्हशीला सरकीची ढेप, पेंड म्हणतात ती, जास्त झाली तर ती ताकाच्या वासावरून सांगायची. त्या नाकावर तिला डेअरीत नोकरी लागली. घरात पहिली पगाराची बाई. त्या नाकावरच तिनं दोन स्थळं परत पाठवली होती – नोकरी करते मी, एवढं म्हणून.

श्रावणाची झड लागली होती. बाहेर सगळं राखाडी, कॅन्टीनच्या पत्र्यावर दिवसभर तोच एक सूर.

"लुरपाक," श्रेयस चांदीरंगी वेष्टन सरळ करत म्हणाला. "डेन्मार्कचं. शंभरावर वर्षांचं नाव आहे. आणि आपलं अमूल बघ, आणंदच्या शेतकऱ्यांनी दूध एकत्र घातलं त्यातून–"

"तुमाले सगळ्याचा कागद माहीत हाय. चव?"

"चव… बटरसारखी."

"अरे देवा."

"खरंच. डोळे बांधून दिलं तर मला एकही ओळखता येणार नाही. तू सांग ना, डेन्मार्कची चव कशी?"

तिनं विचार केला. "आंबटसर. जरासंच. जसं कोणी रागावलं असते, पण दाखोत नाई."

"हे मी वेष्टनावर छापणार."

"छापा. अन् खाली लिहा – हे वाचणारा मूर्ख."

तो हसत राहिला. तिच्या लक्षात आलं, तो 'तू' म्हणाला होता. मघाशीच. आणि आपण काहीच बोललो नाही…

फ्रान्स

प्रेसिडेंट नावाचं बटर. मऊ. साईसारखं घट्ट, मागून बदामाची सावली.

हे तिनं सांगितलं तेव्हा त्याचा हात अजून खिडकीतच होता. वाटी ठेवून झाली होती. हात काढायचं तो विसरला, की–

"तू बोललीस की मला चव येते," तो हळूच म्हणाला. "तेवढ्यापुरती."

"श्रेयस. इथं बोलाचं नाई."

"मग कुठे बोलायचं?"

तिनं त्याच्या बोटांवर चमचा टेकवला. थंडगार. ती बोटं हलली नाहीत.

अकोल्यातल्या तिच्या खोलीवर परत जाताना ती भिजली, मुद्दाम. ओल्या कापसाचा वास, डिझेलचा वास, कुणाच्या तरी चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास – सगळे आत घेत चालली. माणूस आनंदात असला की असा खादाडपणा करतो.

दुसऱ्या दिवशी ताप भरला.

न्यूझीलंड

अँकरचं बटर होतं म्हणे. तिला कळलं नाही.

मीठ कळलं. मऊपणा कळला. बाकी… भिंत. ताप उतरून किती दिवस झाले होते, पण खोलीतल्या डेटॉलचा वास नाही, स्वतःच्या दुपट्ट्याचा नाही, मिरचीच्या फोडणीचाही नाही. तिनं चहाच्या पातेल्यात तोंड घातलं होतं सकाळी. नुसती वाफ.

तिनं मागच्या वेळचेच गुण आठवून चाचणीप्रमुख वामनरावांच्या तक्त्यावर लिहिले.

खिडकीत चष्मा आला.

"तुला वास येत नाहीये."

"काही बी."

"आचल, तू डोळे मिटले नाहीस."

ती रडली नाही. नुसती म्हणाली, "वामनराव सरायले सांगू नको. येईल परत. नोकरी गेली तर मी अकोटले जाईन, अन् मंग…" पुढचं बोललीच नाही. पुढचं होतं ते हे: त्याला आवडली ती मी, की माझं नाक?

त्यानं वाटी मागे ओढली. मग म्हणाला, "कुठली वाटी कुणाची ते मला ठाऊक असतं. चांगली मी डाव्या हाताने देईन. वाईट उजव्या. बाकी तुझ्या मनाने लिही."

"हे चूक हाय."

"माहीत आहे."

तिनं मान डोलावली. अंधारात पायरी चुकावी तशी.

भारत

शेवटची चाचणी. अमूल एका वाटीत, दुसऱ्या वाटीत गाविल, डेअरीचं स्वतःचं, नवं, पहिलं. ते पास झालं तर पुढच्या आठवड्यात दुकानात.

श्रेयसने गाविल डाव्या हातानं दिलं. त्याच्या ओठांवर हसू होतं. आपलं बटर, आपल्या माणसांचं; आचलनंच त्याला सगळ्यात जास्त गुण द्यावेत – एवढंच त्याच्या मनात. त्यानं ते हुंगलंसुद्धा होतं. त्याला ते बटरसारखं वाटलं.

तिनं पैकीच्या पैकी दिले.

वामनरावांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. म्हातारा माणूस, आवाज कधी न चढवणारा. शालूनं 'कुबट' लिहिलं होतं, बाकीच्यांनीही तसंच काही.

"झडीत ढेप भिजली गोठ्यागोठ्यात," ते म्हणाले. "दुधात उतरली. हे सगळ्यायले समजलं. अन् आचल, पोरी… भिजल्या ढेपेचा वास तुले नाही आला? तुले?"

पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा झाला.

"सर, चूक माझी–" श्रेयस दारातून धावत आला. "मी तिला–"

"तुमी थांबा," आचल म्हणाली. पुन्हा 'तुमी'. त्याला ते लागलं, तिनं पाहिलं. "सर, मले कायचाच वास येत नाई. ताप आल्यापासून. मी लपोलं."

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "येते कधी कधी परत," ते म्हणाले. "कधी नाही बी येत. या खिडकीत मात्र आता नको बसू, बेटा."

वाटी नाही

अकोटची एसटी फलाटावर भरत होती. तिनं पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि काचेकडे तोंड केलं. तो आत चढला, ओला, धापा टाकत, आणि पिशवीपाशी उभा राहिला.

"आचल, मी मुद्दाम नाही–"

"माहीत हाय. मुद्दाम करतं तर बरं होतं. तू माह्यावर दया केली." ती काचेकडेच बघत होती. "अन् दया करणारा माणूस खरं बोलत नाई. उद्या मी भाजी जाळीन, तू म्हणशील छान झाली. मले काय समजणार? मले तर वास येत नाई."

कंडक्टर दार लावत होता. "उतरायचं असलं तर उतरा हो, साहेब."

तो उतरला नाही.

"बरं," ती वळली. डोळे लाल. "सांग मंग. आता, इथं. काय वास येऊन राहिला?"

"डिझेलचा." तो जरा थांबला. "मागच्या सीटवर कुणाच्या पिशवीत कांदे आहेत. आणि सीटचं रेक्झिन कुजलंय."

"बाहेर पाऊस पडून राहिला. मातीचा?"

त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं – हो म्हणायचं होतं त्याला.

"नाही," तो म्हणाला. "इथे माती नाही, आचल. सगळं डांबर आहे. काहीच येत नाही."

तिनं मान खाली घातली. गाडी मागे सरकू लागली.

"अन् माह्या अंगाचा?"

श्रेयस वाकला. खिडकीत वाकायचा तसाच, पण आता मधे फळी नव्हती. तो लाल झाला. मग म्हणाला, "घामाचा."

आचलचे ओठ थरथरले. रडू की हसू, तिलाही कळलं नाही. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.